कौलाची फुलं

आमच्या सुनेचं दुसरं लग्न करावं की करू नये, हे देवीला विचारायला आम्ही चालत निघालो होतो. असं एका वाक्यात लिहिलं की वेडेपणा वाटतो, आणि मला तो तेव्हाही वेडेपणाच वाटत होता. पण घरात त्या विषयावर दुसरं कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं, आणि विषय तर दारात येऊन उभा होता.

मुलगा जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. हंगामाच्या दिवसांत अंधार पडता पडता पलूसहून मोटारसायकलवरनं घरी येत होता, तो उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. आमच्या भागात तो बहुतेक ट्रॉल्यांना नसतोच. मिरजेला दवाखान्यात नेलं, तिथं थोडे दिवस होता, मग गेला. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखं माझ्या आत काही झालंच नाही. लोक म्हणाले, फौजेत नोकरी केलेला गडी आहे, खंबीर आहे. खंबीर कसला! दाढेत इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपल्याला लागत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. जेवत होतो, उसाला पाणी देत होतो, डेअरीला दूध घालत होतो. रडू मात्र एकदाही आलं नाही. ही, म्हणजे मुलाची आई, पहिले काही महिने माझ्याकडं बघून बघून चिडायची, मग तिनं तेही सोडून दिलं.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आतच सून अशी एकटी पडली. मूलबाळ नाही. दिवस झाल्यावर तिचे वडील न्यायला आले होते, पण ती गेली नाही. पलूसला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, सकाळी स्कूटीवरनं जायची आणि संध्याकाळी यायची. यंदा श्रावणात तिचे वडील पुन्हा आले आणि चहा पिऊन झाल्यावर खाली बघत म्हणाले, वाईकडचं एक स्थळ आहे, मुलगा शाळेत मास्तर आहे, त्याचीही पहिली बायको वारलेली आहे. तुम्ही म्हणाल तसं. आम्ही सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "आत्ती आन मामा म्हनतील तसं." मी हिच्याकडं बघितलं. ही म्हणाली, "देवीला इचारू. कौल लावू." झालं, एकानं दुसऱ्याकडं ढकललं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, आणि शेवटी ते देवीच्या गळ्यात गेलं.

आमच्याकडं कौल फुलांचा असतो. गुरव दोन फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो. मनात प्रश्न धरायचा आणि बघत उभं राहायचं. उजवीकडचं फूल आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही म्हणाली. फुलं विकतची चालत नाहीत. मोठा प्रश्न असेल तर चालत जायचं आणि वाटेवर आपल्या हातानं खुडलेली फुलं न्यायची, अशी पद्धत आहे. आमची देवी लांब आहे, मेढ्याच्या पुढं केळघरचा घाट चढून गेल्यावर, महाबळेश्वरच्या अलीकडं डोंगरात. गावातली काही माणसं दर नवरात्रात अनवाणी चालत जातात. पहिल्या माळेला निघतात, आठव्या माळेला पोचतात, आणि सामानाचा टेंपो मागून येतो. मी आजवर कधी गेलो नव्हतो. दगडाला चिकटवलेलं फूल पडायचंच, त्यात देवीचं काय, असं माझं मत, आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवतो. या वेळी ही म्हणाली, "तुमी बी यायचं," आणि मी चप्पल काढून निघालो. वाद घालायलासुद्धा अंगात काहीतरी असावं लागतं.

एक गोष्ट मात्र माझी ठरलेली होती. कौलावर विश्वास नसला तरी डावं फूल पडावं असं मला वाटत होतं. मुलगा गेल्यापासून मला दिवसातली एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे संध्याकाळी अंगणात येणारा स्कूटीचा आवाज. तो बंद झाला तर घरात आम्ही दोघंच म्हातारी उरणार होतो. हिलाही तसंच वाटत असणार असं मी धरून चाललो होतो. तिला विचारलं मात्र नव्हतं.

निघालो त्या दिवशी वाटेच्या दोन्ही अंगाला झेंडू होता. दसरा जवळ आलेला, रानंच्या रानं पिवळी आणि भगवी झालेली, आणि बांधाबांधावर माणसं क्रेट भरत होती. देवीची माणसं म्हटल्यावर शेतकरी हात आखडत नाहीत. एकानं हाक मारून सगळ्या बायांच्या ओट्यात फुलं ओतली. बायका खूश झाल्या, चालता चालताच त्यांनी त्या दिवसाची माळ ओवायला घेतली. मी बघत होतो. पिवळं होतं, एवढं मला कळत होतं. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मुलानं आमच्या पडीक तुकड्यात झेंडू लावला होता आणि भाव पडला म्हणून सगळा मेंढ्यांना चारला होता, हेही आठवलं. आठवून काही झालं नाही.

सून सगळ्यांच्या मागं राहायची. कारण फुलं. घरी ती फुलांची एवढी वेडी आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या अंगणात एक जास्वंद आणि एक तुळस, त्यापलीकडं बाग म्हणावं असं काही नाही. इथं मात्र ती कुंपणावरच्या गोकर्णापाशी थांबायची, कोरांटीपाशी थांबायची, माळावर तरवड फुललेला दिसला की वाट सोडून वर चढायची. मोबाईलमध्ये फोटो काढायची आणि धावत येऊन आम्हाला गाठायची. बायका ओरडायच्या, "आगं, मागं ऱ्हाऊ नगं, टेंपोत बसवीन बघ." ती हसायची. तिला हसताना मी फार दिवसांनी बघितलं, आणि हसणं चांगलंच दिसत होतं तिला, पण तेही मला लांबून, काचेपलीकडं असल्यासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गाठलं. हातात गोकर्णाचं फूल होतं, पाकळ्यांवर पाकळ्या असलेलं, गडद निळं.

"मामा, हे बघा. दुहेरी गोकर्ण. साधं असतं तेला एकच पाकळी असती."

"चांगलं हाय," मी म्हणालो.

"तुमी आसं बघताय, जसं काय हजेरी घेताय."

"मग काय करू? नाचू?"

"नाचू नगा. पन जरा येळ तरी बघा," ती म्हणाली आणि फूल माझ्या शर्टाच्या खिशात खोचून पुढं गेली. मी ते काढून टाकलं नाही. दुपारपर्यंत सुकून गेलं.

ही दुसऱ्याच उद्योगात होती. कालव्याच्या कडेला एक म्हसोबा लागला, शेंदूर फासलेला धोंडा. हिनं ओट्यातली दोन झेंडूची फुलं काढली, बाटलीतल्या पाण्यात बुडवली आणि म्हसोबाच्या दोन्ही बाजूंना चिकटवून हात जोडून उभी राहिली. मला आधी कळेना, मग कळलं.

"आगं, देवी अजून किती लांब हाय. ह्याला कशाला इचारतीस?"

"इचारून ठिवती. इचाराय काय पैसं पडत्यात?"

"आन ह्यानं एक सांगितलं आन देवीनं दुसरंच, तर?"

"तुमी गप चला बगू."

उजवं फूल पडलं. हिनं डोकं टेकलं आणि काही न बोलता चालू लागली. मला वाटलं, तिच्या मनाविरुद्ध झालं म्हणून गप्प आहे. तिथून पुढं तिनं वाटेतला एक देव सोडला नाही. बिरोबा झाला, एका मळ्यातली आसरा झाली, कराडच्या अलीकडं पिंपळाखालचा एक नाव नसलेला दगड झाला. परीक्षेच्या निकालाला दम न निघणारी पोरं जशी दिसेल त्या मास्तरला विचारत सुटतात, तसा प्रकार. कुणी हो म्हणत होतं, कुणी नाही म्हणत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरनं मला काही वाचता येत नव्हतं.

कराड सोडल्यावर हायवे लागला. हायवेनं चालण्यात भक्ती वगैरे काही शिल्लक राहत नाही. ट्रक कानाजवळनं जातात आणि अनवाणी पायांना डांबर दुपारी चटके देतं. पण दुभाजकात लाल आणि पांढऱ्या कण्हेरी मैलोगणती फुललेल्या होत्या, आणि मध्ये मध्ये नर्सऱ्या लागत होत्या. अशा एका नर्सरीत सून शिरली आणि लवकर बाहेर येईना, म्हणून मला आत पाठवलं. आत काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं मांडलेली होती. शेवंतीला कळ्या धरल्या होत्या, गुलाब होता, अबोली होती, आणि एका कोपऱ्यात निशिगंधाचे दांडे. ती एकेका रोपाशी वाकून बघत होती, पानं उलटी करून बघत होती, माळ्याला पाणी किती लागतं, ऊन किती लागतं ते विचारत होती. माळी म्हणाला, "ताई, न्या की एक. टेंपोत ठिवा. परत जाताना लावा आंगनात."

तिच्या हातात अबोलीचं रोप होतं. ती माझ्याकडं वळली.

"लावायचं कुठं, मामा?" ती म्हणाली.

पुढच्या वर्षी ती कुठल्या अंगणात असेल, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. तिनं रोप होतं तिथं ठेवलं, त्याच्या बुडाशी माती दाबली आणि आम्ही बाहेर आलो.

सातारच्या अलीकडं एका गावात दरवर्षीचा मुक्काम असतो. ज्यांच्या घरी उतरायचं त्या बाई दिवसभर शाळेत शिकवतात आणि उरलेला वेळ बागेत घालवतात. घर साधंच, पण भोवतीची बाग बघायला लोक येतात. दारात कर्दळी, मग झिनिया, डेलियाच्या वाफ्यांना काठ्या बांधलेल्या, विहिरीच्या कडेनं तगर आणि प्राजक्त, आणि मागं मोगऱ्याचा शेवटचा बहर. आम्ही उजेडीच पोचलो होतो. बाईंनी सुनेला हाताला धरून सगळी बाग दाखवली. दोघी वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसून कलमं कशी करायची ते बोलत होत्या. मी पायरीवर पाय पाण्यात घालून बसलो होतो. तळव्यांना फोड आले होते, पण दुखत नव्हते. दुखायला हवे होते, असं नुसतं मनात आलं.

मग बाईंनी परडीतनं मोगऱ्याचे गजरे आणले आणि बायकांना वाटायला लागल्या. शिकलेल्या बाई, त्यांनी काही भेद केला नाही. सुनेपुढंही गजरा धरला. सूनच दोन पावलं मागं सरली. हात पदराआड नेला, मान खाली घातली, आणि अगदी सवयीनं म्हणाली, "मला नगं, दुसऱ्यांना द्या." कुणी तिला असं करायला शिकवलं नव्हतं. आमच्या घरात तरी नाही. ती आपली आपणच शिकली होती. ही पलीकडं उभी होती, तिनं ते बघितलं. मीही बघितलं. माझं बघण्यापलीकडं काही झालं नाही. हिनं मात्र हातातला गजरा डोक्यात न माळता परत परडीत ठेवला आणि जेवायलाही बसली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातारा मागं टाकून मेढ्याच्या रस्त्याला लागलो. गाड्याच्या गाड्या कासच्या पठाराकडं फुलं बघायला चालल्या होत्या, खिडकीतनं टोप्या आणि मोबाईल बाहेर काढून. आम्ही दुसऱ्या वाटेनं वळलो, आणि तिकडंही फुलं काही कमी नव्हती. भातखाचरांच्या बांधावर गुलाबी तेरडा दाटला होता, नाचणी वाऱ्यानं वाकत होती, कारळ्याची पिवळी रानं होती. सगळी माणसं खुशीत चालली होती. एका वळणावर मारुतीचं देऊळ लागलं. हिनं तेरड्याची दोन फुलं घेतली आणि आत गेली. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो.

डावं फूल पडलं. जवळजवळ लगेच पडलं. मी मनात म्हटलं, चला, एक तरी आपल्या बाजूनं बोलला.

हिनं मारुतीकडं असं बघितलं, की मला त्याची कीव आली.

"ह्याचं काय घिऊन बसायचं," ती म्हणाली. "ह्यो बरमचारी. ह्याला लग्नातलं काय कळतंय?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. "म्हंजी? तुला उजवा पायजे हुता?"

तिनं पडलेलं फूल उचललं आणि मारुतीच्या पायाशी ठेवलं.

"तुला ती जावी आसं वाटतंय?"

"आन तुमाला न्हाई वाटत?"

"घरात मग कोन ऱ्हाईल?"

"आपन," ती म्हणाली. "आपन म्हातारी. ती कशापायी? काल बघितलंसा न्हवं? गजरा पुढं आला तर चोरावानी हात लपवला पोरीनं. अजून तिशी व्हायची हाय तिची."

"मग सांगून टाक की तिला, जा म्हनून. देवीला कशाला मधी घालायचं?"

त्यावर ही देवळाच्या पायरीवर बसली. तिचा आवाज नेहमी गल्लीच्या टोकापर्यंत जातो, या वेळी मला वाकून ऐकावं लागलं.

"माज्या तोंडानं 'जा' म्हनवत न्हाई. लय येळा ठरीवलं. ती कामावरनं आली, चा ठिवला, की आता बोलू म्हनती. आन तोंडातनं येतंय, जेवान काय करायचं. देवीनं म्हनावं. देवीनं म्हनलं म्हंजी मग माज्याच्यानं हुईल."

मला राग आला. इतके महिने मला वाटत होतं की या घरात आम्ही दोघं एका बाजूला आहोत, आणि ही कधीच दुसऱ्या बाजूला जाऊन बसली होती. मी तिला तसं म्हणालोही. फारच वाईट शब्दांत म्हणालो. ती ऐकून घेत होती. मग उठली, पातळ झटकलं आणि चालायला लागली. मी मागनं चाललो. तो राग संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही, विरून गेला, आणि पुन्हा ते रिकामं, काहीच न लागणारं अंग राहिलं.

आठव्या माळेला सकाळीच घाटाला लागलो. धुकं होतं. दोन्ही बाजूचे उतार सोनकीनं भरून गेले होते, इतके की वाट तेवढी मातीच्या रंगाची दिसत होती. वर सपाटीला प्लॅस्टिकचा कागद अंथरून स्ट्रॉबेरीची नवी रोपं लावायचं काम चाललं होतं. सून पहिल्यांदाच फोटो काढत नव्हती. ती माझ्या बरोबरीनं चालत होती.

"मामा, त्यांच्याशी मी फोनवर बोलले हाय. म्हंजी त्या मास्तरांशी. दोनदा. आत्तींना म्हाईत न्हाई."

"बरं."

"बोलताना बरं वाटतं. मग फोन ठिवला की लय वाईट वाटतं. तुमाला सोडून जायचं म्हंजी... मला ठरवताच येत न्हाई."

मी वाटेवर आलेली सोनकीची फांदी बाजूला सारली.

"आत्ती मला बरं वाटावं म्हनून कायबी सांगतील," ती म्हणाली. "तुमी कौल मानत न्हाई आन खोटंबी बोलत न्हाई. मी तुमालाच इचारीन, काय पडलं ते. देवी जे म्हनंल ते मी करीन. मला आता इचार करून करून कटाळा आलाय."

जिच्याविषयी विचारायचं तिनं कौलाच्या वेळी देवीसमोर उभं राहायचं नाही, असा रिवाज आहे. म्हणून सून बाहेर झाडाखाली बसली. हिनं घाटात खुडलेली सोनकीची फुलं ओंजळीत धरली होती. अष्टमीची गर्दी, हलगी आणि संबळ, धूप, घाम. गुरवानं ओंजळीतली दोन फुलं निवडून घेतली, तांब्यात बुडवली आणि देवीच्या खांद्यांना एकेक चिकटवलं. "मनात धरा," तो म्हणाला. हिनं डोळे मिटले नाहीत. मीही नाही मिटले. मागची माणसं ढकलत होती. शेंदरावर ती दोन पिवळी फुलं अगदी लहान दिसत होती.

डावं फूल पडलं.

त्यात काही संशय नव्हता. ते सुटलं, देवीच्या हातावर टेकलं आणि खाली आलं. उजवं तसंच राहिलं. गुरव म्हणाला, "डावा दिला, आई." हलगीच्या आवाजात ते आम्हा दोघांनाच ऐकू आलं.

"परत लावा," ही म्हणाली.

"परत न्हाई इचारत देवीला. पुढं सरका."

मला जे हवं होतं तेच झालं होतं. सून राहणार होती. संध्याकाळी अंगणात स्कूटी येणार होती, वर्षानुवर्षं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी वाट बघितली, पण तो काही आला नाही. मी हिच्याकडं बघितलं. आमच्या पोराला स्मशानात नेताना जसा झाला होता, तसा तिचा चेहरा झाला होता. ओंजळीतली उरलेली फुलं तिनं देवीच्या पायांवर ठेवली, खूप वेळ डोकं टेकून राहिली, आणि मग गर्दीतून वाट काढत बाहेर निघाली. मी मागोमाग होतो. ती काय करणार आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिलाही नसावं.

सून आम्हाला बघून उभी राहिली. ही तिच्यापुढं गेली आणि म्हणाली,

"उजवा दिला देवीनं."

आयुष्यभर जिनं देवीचा एक उपास मोडला नाही, ती बाई देवळाच्या दारात उभी राहून देवीच्या नावानं धडधडीत खोटं बोलली. तिनं सुनेचा खांदा आधाराला धरावा तसा घट्ट धरला होता.

सुनेनं माझ्याकडं बघितलं. "मामा? खरं?"

एक शब्द बोलायचा होता. खरं बोललो असतो तर ती राहिली असती, आणि कुणी मला नावं ठेवली नसती. मी तिच्याकडं नीट बघितलं. आठ दिवसांत ती उन्हानं रापली होती, पदराला सगळीकडं कुसळं चिकटली होती, आणि ती वाट बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "उजवा. मी डोळ्यानं बघितला."

तिनं मान हलवली. रडली नाही, हसलीही नाही. "बरं," म्हणाली, आणि हिच्या पाया पडली, मग माझ्या. प्रसादाचं जेवण झालं. टेंपो खाली रस्त्यावर उभा होता, म्हणून सगळे पायवाटेनं उतरायला लागलो. माणसं पुढं निघून गेली, ही त्यांच्यात होती. मी मागं राहिलो. सून माझ्यासाठी थांबली.

थोडं उतरल्यावर ती म्हणाली, "डावं पडलं न्हवं, मामा?"

मी पाय जपून टाकत उतरत राहिलो.

"आत्तींचा हात लागला तवाच मला कळलं. आन तुमी तर बोलताना माज्या तोंडाकडं बघितलं न्हाई, झाडाकडं बघत बोललासा." ती म्हणाली. "तुमी दोघं माज्यासाठी देवीसंगं खोटं बोललासा."

"जा तू," मी म्हणालो. "जा, पोरी. देवीचं आमी बघतो."

हे मी म्हणालो. हिच्या तोंडून निघत नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. सून खाली वाटेकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली,

"जाते. पन दिवाळीला मला न्यायला मुराळी कोन येनार?"

"तुजा भाऊ यील की. वडील हायतच."

"ते एकदा आलते. आता तुमी यायचं. लेकीला न्यायला बाप येतो, तसं यायचं. आन मी आपल्या घरी येनार. म्हायेर म्हनून. येनार का न्हाई, सांगा."

"येतो," मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो आणि माझ्या घशातून कसला तरी आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. मग कळलं, रडतोय. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा रडत होतो, भर दुपारी, पायवाटेच्या मध्ये उभा राहून, तोंड झाकायचंही भान नव्हतं. पोरगं गेलं होतं, आणि आता सूनही जाणार होती, आणि ते सगळं एकदम अंगावर आलं. फार दुखलं. इतकं दुखेल असं मला वाटलं नव्हतं.

खालून हिचा आवाज आला, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "आवं, काय झालं? का थांबलाय? काटा मोडला का काय?"

"व्हय, आत्ती, काटा मोडलाय," सून ओरडून म्हणाली. मला तिनं हाताला धरून दगडावर बसवलं. ही वर बघत होती, म्हणून सुनेनं माझा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यावरची माती पुसत काटा शोधायला लागली. काटा नव्हता. ती शोधत राहिली, आणि माझं रडणं थांबेपर्यंत तिनं पाय सोडला नाही.